मनोऱ्याच्या पायाशी खारं पाणी

गेल्या महिन्यात आमच्या खात्याने काढलेलं एक जाडजूड पुस्तक टपालाने घरी आलं. गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरं, आत खात्याच्या सगळ्या रेडिओ केंद्रांचा इतिहास. निवृत्त मंडळींना सप्रेम भेट. मी चष्मा लावला आणि आधी आमचं केंद्र शोधलं. सापडलं, पण शोधावं लागलं. वसईच्या खाजणात उभं राहिलेलं, किनाऱ्यावरच्या माणसांना त्यांच्याच बोलीत समुद्राची खबर देणारं आमच्या भागातलं पहिलं केंद्र, आणि त्याच्या वाट्याला अर्धं पान! त्यातलाही बराचसा भाग उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या फोटोने खाल्लेला. फोटोत आमचा मनोरासुद्धा धड दिसत नाही, पाहुण्यांच्या फेट्यांमागे झाकला गेलाय.

आणि शेवटचं वाक्य असं : 'प्रक्षेपणक्षमता घटल्याने व श्रोते न उरल्याने, तांत्रिक अहवालाच्या आधारे हे केंद्र बंद करण्यात आले.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. श्रोते उरले नाहीत म्हणे! कोणी मोजले? कुठे मोजले? या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतल्या हलक्याफुलक्या आठवणी मागितल्या होत्या. त्याही अधूनमधून येतील, पण हा लेख मी रागात लिहितेय हे आधीच सांगून टाकते. राग केवळ पुस्तकावरचा असता तर एखादं पत्र लिहून मोकळी झाले असते. पण तो जो तांत्रिक अहवाल आहे ना, त्याखाली तीन सह्या आहेत आणि त्यातली तिसरी माझी आहे.

माझं माहेर साताऱ्याकडचं. अभियंता म्हणून या केंद्रावर नेमणूक झाली तेव्हा समुद्र मी फक्त सहलीत पाहिलेला होता. गास गावाच्या पलीकडे, भाताची शेतं आणि केळीच्या वाड्या संपल्या की खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारट जमीन, सुरू व्हायचं, आणि त्या खाजणात एका जुन्या मिठागराच्या तुकड्यावर आमची बसकी इमारत आणि आकाशात गेलेला लोखंडी मनोरा. भोवती चिखल, तिवरं, बगळे. मी पहिल्या दिवशी वरिष्ठांना विचारलं, "सर, इतका मोठा जिल्हा सोडून केंद्र चिखलात का बांधलं?" ते हसले आणि म्हणाले, "बाई, चिखलात आहे म्हणूनच ते केंद्र आहे."

बाहेरच्या वाचकांसाठी हे जरा सोपं करून सांगते, कारण पुढची सगळी कथा यावरच उभी आहे. लोकांना वाटतं, मनोऱ्याच्या टोकाला काहीतरी यंत्र असतं आणि त्यातून रेडिओ निघतो. तसं नाही. आमच्या जुन्या मध्यम लहरींच्या केंद्रात अख्खा मनोराच यंत्र असतो. तो चिनीमातीच्या जाड ठोकळ्यावर उभा असतो, पायापासून शेंड्यापर्यंत त्यात वीज खेळते, आणि त्याला हात लावणारा माणूस जागच्या जागी जातो. पण मनोरा म्हणजे निम्मं केंद्र. उरलेलं निम्मं जमिनीखाली. मनोऱ्याच्या बुंध्यापासून चारी दिशांना तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, कोळ्याने फेकलेलं पागाचं जाळं पाण्यावर पसरतं तशा गोल. या लहरी जमिनीला धरून चालतात. जमीन ओली आणि खारट असली तर लांब जातात, कोरडी असली तर घराच्या उंबऱ्यातच दमतात. तुमच्या घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वर पाणी ओततात, तेच इथे एकरांच्या हिशोबाने होतं. आमच्या केंद्राचं मीठ आणि पाणी दर्या फुकट पुरवत होता.

आता एक हलकीफुलकी आठवण. रुजू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा गासच्या टोकाला राहणाऱ्या कातरीनमावशी तक्रार घेऊन आल्या. आमच्या कुंपणापासून त्यांचं घर सगळ्यात जवळ. म्हणाल्या, "मॅडम, माझी कपडे वाळत घालायची तार पहाटे भजन म्हणते."

मी म्हटलं, "मावशी, वाऱ्याने वाजत असेल."

"वाऱ्याला अभंग पाठ असतात का? आणि आम्ही किरिस्ताव माणसं. म्हणायचंच असेल तर तारेने रोजरी म्हणावी!"

शेजाऱ्यांनी तोवर भगताला बोलवायची तयारी केली होती. मी जाऊन पाहिलं. तार एका बाजूने गंजलेल्या पत्र्याला बांधलेली होती आणि तो गंजलेला सांधाच रेडिओचं काम करत होता. मनोऱ्याच्या इतक्या जवळ असं होतं. सांधा घासून, नवी तार ओढून मी मावशींच्या अंगणातलं भजन बंद केलं. आठवड्याने त्या पुन्हा आल्या. "मॅडम, करमत नाही. जुनी तार परत लावता येईल का? फक्त नाताळची गाणी लागतात तेव्हा." अशा श्रोत्या होत्या आमच्या. पुस्तकात त्या नाहीत.

पण मला सांगायचंय ते हिराजीकाकांबद्दल. शेजारच्या चालू मिठागरावर ते कामाला होते. काळे, काटकुळे, पायाच्या भेगांत कायम पांढरं मीठ. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या अर्नाळ्याहून आणि पाचूबंदरहून पत्रं यायला लागली की काही दिवस रेडिओ ठणठणीत ऐकू येतो आणि काही दिवस नुसता खोकतो. मी यंत्रं उघडली, सगळे सांधे तपासले, रात्रंदिवसाच्या नोंदी चाळल्या. काही सापडेना. एका सकाळी मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले होते तर बांधावरून जाता जाता हिराजीकाका थांबले.

"बाय, तुमचा रेडिओ उधानाला बरा वाजतो, भांगाला खोकतो."

"म्हणजे?"

"म्हंजे पानी वर चढलं का बोलतो, पानी नाय आलं का मुका होतो. तुमी यंत्र खोलून काय बगता? पायाखाली बगा."

उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मरगळलेली भरती, हे मला तेव्हा कळलं. मी आत गेले, नोंदवही काढली आणि भिंतीवरच्या पंचांगाशेजारी धरली. प्रत्येक वाईट दिवस अष्टमी-नवमीच्या मागेपुढे पडला होता. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला जे कोणी शिकवलं नव्हतं, ते अक्षरओळख नसलेल्या माणसाने बांधावर उभ्या उभ्या शिकवलं.

त्यावरचा उपायही त्यांचाच. आमच्या तुकड्याला मिठागराच्या काळातली एक जुनी उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं दार, लाकडी फळ्यांचं. हिराजीकाका उधाणाच्या भरतीला फळ्या काढायचे, पाणी मनोऱ्याभोवती आत घ्यायचे आणि ओहोटी लागायच्या आत फळ्या बसवायचे. ते पाणी भांगाचे दिवस तारून न्यायचं. मी आत मीटरच्या काट्याकडे बघत बसायचे. पाणी चढलं की काटा हलायचा आणि मग मला कॉइल फिरवून सगळं पुन्हा जुळवून घ्यावं लागायचं. त्याला ते 'मनोऱ्याला पानी पाजनं' म्हणायचे. महिन्यातून दोनदा खिडकीवर टकटक व्हायची, "बाय, पाजू का?" पहिल्या वर्षी ते मला 'तुमी' म्हणायचे, पुढे 'तू' म्हणायला लागले. मला ते बढतीसारखं वाटलं होतं.

आणि ही गोष्ट खात्याच्या एकाही कागदावर नाही. का नाही? कारण उघाडी आमच्या मालकीची नव्हती. परवानगी मागितली असती तर ती यायला माझी निवृत्ती उजाडली असती, आणि हिराजीकाकांना त्यांच्या मालकाने दुसऱ्याच्या कामासाठी बांधावर फिरकू दिलं नसतं. आमच्याकडे नोंदवही म्हणजे धर्मग्रंथ. दर तासाला आकडे लिहायचे, खाडाखोड करायची नाही, चुकलं तर रेघ मारून सही करायची. मी आयुष्यात एक आकडा खोटा लिहिलेला नाही आणि त्याचा मला केवढा अभिमान होता! शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असायचा. उघाडी काढली त्या प्रत्येक दिवशी मी त्यात 'काही नाही' असं लिहिलं. त्या 'काही नाही'नेच पुढे दगा दिला.

एक दिवस मात्र तो खरा भरायलाच हवा होता.

मे महिन्याची अखेर होती, पावसाळ्यापूर्वीचा शेवटचा फेरा म्हणून होड्या खोल दर्यात गेलेल्या. सकाळी उशिरा मुंबईहून फोन आला की समुद्रात हवा फिरतेय, होड्यांना परत बोलवा. आमच्या स्टुडिओतल्या निवेदिकेने लगेच कोळ्यांच्या बोलीत, सावकाश, दोनदा वाचलं. ही आमच्या केंद्राची रीत होती. दोनदा वाचायचं, कारण पहिलं वाचन होडीवरचं इंजिन बंद करण्यात जातं. पण मी आत काट्याकडे पाहत होते. भांगाचे दिवस. त्यात मे महिना. मनोऱ्याभोवतीची जमीन भेगाळलेली. आवाज अर्नाळ्यापर्यंत जात होता, पण त्यापुढे, जिथे होड्या होत्या, तिथे जात असेल याची मला खात्री नव्हती.

मी चपला हातात घेऊन बांधावरून पळत गेले. हिराजीकाका मीठ ओढत होते. मी ओरडले, "काका, उघाडी!"

"भांग हाय बाय. पानी उंबऱ्याला पन लागनार नाय."

"होड्या बाहेर आहेत हो. त्यांना ऐकू जात नाहीये."

त्यांनी मान वळवली. शेजारच्या मोठ्या खाचरात पाणी चमकत होतं. समुद्राचं पाणी महिनाभर उन्हात तापवून दाट करत आणलेलं, दोन-चार दिवसांत त्याचं मीठ होणार होतं. पावसाआधीचं शेवटचं पीक. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते सोडू?"

मी म्हटलं, "मालक काय म्हणेल?"

"मालक जमिनीवर हाय. पोरं पान्यावर हायत."

त्यांनी फावड्याने बांध फोडला. मी परत धावले. ते दाट, खारं पाणी सरसरत आमच्या हद्दीत शिरलं, कुंपणाखालून मनोऱ्याच्या बुंध्याकडे गेलं, भेगा पिऊ लागल्या. मी कॉइल फिरवत होते, काटा चढत होता, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही की मी रडत होते. दर पंधरा मिनिटांनी निवेदिका वाचत राहिली. संध्याकाळपर्यंत होड्या एकामागून एक अर्नाळ्याला आणि पाचूबंदरला लागल्या.

पाचूबंदरचा इनास हा एका होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा कारभारी. वारा पडल्यावर तो सरळ केंद्रावर आला. म्हणाला, "बाय, दुपारपर्यंत नुसती खरखर. आमी अजून पुडं जानार व्हतो, जाल्यात मावरा चांगला गावत व्हता. मंग एकदम तुमची बाई कानात येऊन बोलली. मी म्हनलो, फिरवा." होडीवर सातजण होते. त्यात त्याचे दोन भाऊ.

हिराजीकाकांनी मालकाला सांगितलं की खेकड्यांनी बांध पोखरला. मालकाने त्यांना पुढचा अख्खा हंगाम घरी बसवलं. आणि मी त्या दिवशी नोंदवहीत काय लिहिलं? सगळे आकडे अचूक लिहिले. शेवटी लिहिलं : 'प्रक्षेपण सुरळीत.' शेऱ्याच्या रकान्यात : 'काही नाही.' खरं लिहिलं असतं तर हिराजीकाकांचं खोटं उघडं पडलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. पण माझीही कातडी वाचत होती, हेही तितकंच खरं.

पुढची वर्षं भरभर सांगते, कारण सांगताना माझं रक्त उकळतं. आधी खाजणाच्या कडेला डंपर दिसायला लागले. तोडलेल्या इमारतींचा राडारोडा, माती, प्लास्टिक. रोज थोडा थोडा भराव. तिवरं वाळली. मग एके दिवशी उघाडीच्या जागी ढिगारा होता. यंत्राने खणताना आमच्या तांब्याच्या तारा वर आल्या आणि दुसऱ्या दिवशी गायब झाल्या. मी पत्रं लिहिली. या कार्यालयाला लिहिलं, त्या कार्यालयाला लिहिलं, नकाशे जोडले. उत्तरं आली, नाही असं नाही. 'सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.' मग कोणाच्या कक्षेत येते? समुद्राच्या? हिराजीकाका म्हातारे झाले होते. ते ढिगाऱ्यावर उभे राहून म्हणाले, "बाय, मनोऱ्याच्या तोंडाला मातीच भरली की." भरतीचं पाणी बांधापर्यंत येऊन परत जायचं. मनोरा कोरड्या मातीत उभा होता, आणि दर महिन्याला आवाज थोडा थोडा आक्रसत होता.

मग साहेब आले. मोठ्या कचेरीतून, मोजणीचं यंत्र आणि जीप घेऊन. माणूस वाईट नव्हता, आणि याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. ते शांतपणे म्हणाले, "केंद्र कुठवर ऐकू येतं आणि कोण ऐकतं, एवढंच पाहायचंय."

मोजायला गेलो कुठे? वालीवला. जिथे गल्लीगल्लीत लेथ, मोटारी आणि वेल्डिंगच्या ठिणग्या! मध्यम लहरींचा कुठलाही रेडिओ तिथे खरखरणारच, त्यात मनोऱ्याचा काय दोष? तिथून विरारच्या नव्या इमारतींत. लिफ्टपाशी उभं राहून साहेबांनी विचारलं, "तुम्ही हे केंद्र ऐकता का?" दिवसभर मुंबईत राबून आलेला माणूस पिशवी सावरत म्हणाला, "कौनसा केंद्र?" झालं. श्रोता नाही. मी म्हटलं, "साहेब, भुईगावच्या किनाऱ्यावर चला. अर्नाळ्याला चला, पाचूबंदरला चला. प्रत्येक होडीवर आमचा रेडिओ आहे."

"आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत, मॅडम."

"किनारा दिसेनासा झाला की मोबाइलला रेंज नसते. दोन सेलचा रेडिओ तिथे बोलतो."

"होड्यांवर जाऊन मोजणी करायची तरतूद नाही."

"मग निदान हे भांगाचे दिवस जाऊ द्या. पौर्णिमेनंतर मोजा. बांधाबाहेर का होईना पाणी चढेल, फरक दिसेल. आणि तो भराव काढा, मग बघा."

त्यांनी छापील फॉर्म माझ्यासमोर ठेवला. ठिकाण, वेळ, आकडा. "यात भरती-ओहोटीचा रकाना कुठेय? आणि इतकी वर्षं पाण्याने फरक पडत होता असं तुमचं म्हणणं असेल तर नोंदवहीत एक तरी शेरा दाखवा."

मी नोंदवह्या उघडल्या. एकेक काढून बघितल्या, जणू मला माहीतच नव्हतं. काही नाही. काही नाही. काही नाही. माझ्याच हस्ताक्षरात.

साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतः मोजलेले आकडे खरे आहेत ना?"

"खरे आहेत."

"मग सही करा."

आणि मी केली. माझी खोड ती. आकडे खरे असताना सही नाकारायची कशी? विरोधी टिपण जोडता आलं असतं, सुट्टी टाकता आली असती, कागद भिरकावता आला असता. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सुचलं. भराव करणारे मोकळे राहिले, तांबं नेणारे मोकळे राहिले, पत्रांना कक्षा दाखवणारे मोकळे राहिले, आणि शिक्षा झाली मनोऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि दोर मी वळून दिला.

केंद्र बंद झालं. मनोरा पाडला त्या सकाळी मी मुद्दाम थांबले होते. ताण दिलेले दोर एका बाजूने कापले आणि तो सावकाश कलला. पूर्वीच्या खाजणात पडता तर पाणी उडालं असतं. धूळ उडाली. माझी बदली झाली, दुसऱ्या केंद्रावर उरलेली नोकरी काढली, निवृत्त होऊन पुन्हा वसईतच राहायला आले. मध्यंतरी हिराजीकाका गेले. मला कळायला महिना लागला.

तर हे पुस्तक आलं आणि मला वाटलं, ज्यांना हे वाचून माझ्याइतकीच चीड येईल अशा माणसासमोर बसून ते वाचावं. मी रिक्षाने पाचूबंदरला गेले. इनास आता दर्यात जात नाही. दारात बसून जाळं सांधत होता. कोनाड्यात त्याचा जुना रेडिओ प्लास्टिकच्या पिशवीत तसाच होता. मी अर्धं पान वाचून दाखवलं, शेवटचं वाक्य जोर देऊन वाचलं, आणि तो शिव्या कधी घालतो याची वाट पाहत बसले.

इनासने जाळ्यावरून मान वर केली नाही. "मंग बाय, तू लिहून दिलंस तेच लिवलंय ना त्यांनी."

"तुला काय माहीत मी काय लिहून दिलं?"

"तुला म्हाईत नाय? आमी गेलतो मुंबईला. मोठ्या हापिसात."

मला खरंच माहीत नव्हतं. माझी बदली झाल्यावरची गोष्ट. केंद्र पुन्हा सुरू करा म्हणून पाचूबंदर, अर्नाळा आणि भुईगावच्या लोकांनी मिळून अर्ज केला होता. सह्या होत्या, अंगठे होते, कातरीनमावशींनी गासमधून वेगळा कागद भरून दिला होता. पंधरा-वीस माणसं गेली. हिराजीकाकांना नीट चालवत नव्हतं, तरी हट्टाने गेले. तिथल्या अधिकाऱ्याने अर्ज हातात घेण्याआधी अहवाल काढून समोर ठेवला. म्हणाला, केंद्र चालत नव्हतं, तुमच्याच मॅडमची सही आहे.

"मी वाचलं," इनास म्हणाला. "तुजंच नाव व्हतं. हिराजी म्हनला, मना दाखव कुटली सही. मी दाखवली. त्यानी त्याच्यावर बोट ठेवलं, बराच येल ठेवलं. मंग म्हनला, बायची सही हाय ना? मंग खरं असंल. बाय आकडा खोटा लिवनार नाय. चला घरी."

"आणि अर्ज?"

"दिलाच नाय. हिराजीच म्हनला, आता अर्ज दिला तर बायला खोटी पाडल्यासारकं व्हईल."

इनासने दोरा दाताने तोडला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. ज्या माणसाने माझ्या एका हाकेवर महिन्याभराचं पाणी सोडून दिलं, एक हंगाम घरी बसून काढला आणि कोणाला चकार शब्द सांगितला नाही, त्या माणसाने माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि स्वतःच्या कानांनी ऐकलेलं खोटं मानलं. उधाणाला बोलतो, भांगाला खोकतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्या कचेरीत ते एकटेच होते ज्यांना तो अहवाल खोडता आला असता. मला कमीपणा येऊ नये म्हणून ते उठून घरी गेले.

पुस्तकवाल्यांना मी पत्र लिहिणार होते. ते लिहिलं नाही. त्याऐवजी जे नोंदवहीत लिहायला हवं होतं ते इथे लिहिते. उशीर झालाय, पण खाडाखोड नाही.

शेरा : भांगाच्या दिवसांत मनोऱ्याभोवती पाणी नसल्याने प्रक्षेपण क्षीण. मिठागरावरील कामगार हिराजी यांनी दाट केलेलं पाणी सोडल्यावर प्रक्षेपण पूर्ववत. होड्या परत. पुढे भरावामुळे पाणी बंद, तारांची चोरी. मोजणी चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या दिवशी. श्रोते होते. आकडे खरे, अहवाल खोटा.

खाली सही माझी. हिराजीकाका, आता हिच्यावर बोट ठेवा.